आबांच्या पंधरा पायऱ्या

आबांना आयती मोठी झालेली माणसं खपत नसत. खेळातलीसुद्धा नाही. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, तरी तो हट्ट त्यांनी एकदा मोडला, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

निमगाव केतकीत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. आठवडाभर जळक्या मोटारी उघडून तांब्याची तार भरायची. रविवारी दुपारी मात्र दुकानातल्या टेबलावरून मोटारी उतरत आणि फासे, कागद, भेळ वर चढे. परदेशी गेलेल्या भाच्यानं मागं ठेवलेलं फाशांच्या खेळाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक डिक्शनरी लावून वाचून, साठीला टेकलेला हा माणूस आम्हा कॉलेजच्या पोरांचा डीएम झाला होता. डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा. आपण कागदावर एक नायक घडवायचा, डीएम संकटं आणणार, फासे पडतील तसं निभावायचं. पहिल्या पातळीचा नवखा नायक खेळता खेळता वर चढतो. मी बारामतीहून एसटीनं यायचो. इरफान निमगावचाच, माझ्या वर्गातला आणि जिवाभावाचा.

आबांचा हात आणि तोंड एकाच मापाचं. एक वेढा चुकला की सगळी तार उसवायचे, तशीच आमची गोष्टही. "ड्रॅगन मारला म्हणतोस, मग हात कसा न्हाय भाजला?" असं विचारून अर्ध्या तासाचा पराक्रम मातीत घालायचे. पण परतीची एसटी चुकली की स्वतःच्या डब्यातली भाकरी पुढं सरकवायचे आणि मी खाईपर्यंत दुकान उघडं ठेवायचे.

एका रविवारी त्यांनी सांगितलं, पुढचा खेळ थेट पंधराव्या पातळीपासून. आम्ही खूश. अ‍ॅपवर असा नायक दोन मिनिटांत तयार होतो. आबांनी सगळ्यांचे मोबाईल हत्यारांच्या पेटीत टाकले.

"आकडं कुणीबी भरतंय. पंधरा पायऱ्या चढून आलाय न्हवं त्यो? मग पाय कुठं कुठं मुरगाळला ते सांगा. पायरीला एक घाव. समद्यांसमोर."

"आबा, पुस्तकात असला नियम नाही."

"पुस्तकात मोटारबी जळत न्हाय."

मी एकोणीस वर्षांचा. मला कुठून सुचणार पंधरा घाव? दहाव्या पायरीपर्यंत नायकाचा भाऊ मारला, गुरू मारला, घोडा दोनदा मारला. आबा नुसते "पुढं" म्हणत राहिले. अकराव्या पायरीला मी चोरी केली. नायक सरदारपुत्रांबरोबर बाजारात गेला, तिथं त्याचा बाप बांगड्या विकत बसला होता, आणि यानं ओळख दाखवली नाही. बापानं ते जाणलं आणि परक्या गिऱ्हाइकासारखं त्यालाच विचारलं, "या साहेब, काय दाखवू?"

हे इरफानचं होतं. त्याच्या अब्बांचं. एसटीत खिडकीकडं तोंड करून त्यानं ते फक्त मला सांगितलं होतं.

आबांनी टेबलावर थाप मारली. "व्हय! ह्यो घाव खरा हाय!"

इरफाननं फासे खाली ठेवले आणि चपला घालून निघून गेला. आबांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि त्यांना कळलं. सगळे कागद गोळा करून म्हणाले, "नियम माजा, चूक माजी." खेळ त्या दिवशी बंद झाला तो कायमचा.

इथवर सगळं मी गिळलं असतं. पुढच्या रविवारी मी इरफानच्या पाया पडायचं ठरवूनच एसटीतून उतरलो. काय बोलायचं ते आठवडाभर घोकलं होतं. आबांनी मला दुकानातूनच हाक मारली.

"बुधवारी जाऊन आलो त्याच्याकडं. तुज्या वतीनं माफी मागितली. मिटवलंय समदं."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" मी रस्त्यावर उभा राहून ओरडलो.

"माज्या टेबलावर झालं. मीच निस्तारलं."

आमच्या नायकाला एक पायरी फुकट न चढू देणारा हा माणूस! ज्या एका पायरीवर मला माझ्या पायांनी चढायचं होतं, तिच्यावरून मला उचलून पलीकडं ठेवलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला हायसं वाटलं. मी तसाच परतीच्या एसटीनं बारामतीला गेलो. त्या हायसं वाटण्याची चीड आजही येते.

कॉलेजात मी इरफानची नजर चुकवत राहिलो. तो मला पुन्हा समोरासमोर भेटला तो थेट आबांच्या सावडण्याला. नदीकाठी आम्ही दोघं शेजारी हात धूत होतो.

"इरफान, माझं चुकलं," मी म्हणालो.

"आबांनी सांगितलं व्हतं की तवाच. चहा पाजून लावून दिलं त्यांना." त्यानं हात झटकले. "तू आला असतास तर आधी कानाखाली काढली असती. मग चहा पाजला असता."

"मग आता काढ."

त्यानं खरंच माझ्याकडं नीट पाहिलं. मग नकारार्थी मान हलवली.

"आता तेवढा राग न्हाय राहिला," तो म्हणाला, आणि गाडीला किक मारून गेला.