पुन्हा दाबा

लिलावात घेतलेला लष्करी पिकअप ट्रक आणि मागच्या ट्रेलरवर विकायची पाण्याची इंजिनं, अशी तेव्हा तमिळ मुलुखात माझी फिरती असे. साक्कोट्टैच्या पुलावरून उतरताना ट्रेलरने ट्रकला पुढे रेटलं. ट्रेलरला विजेचा ब्रेक होता, पण वायरी कुजल्या होत्या. कसंबसं कुंभकोणम् गाठलं.

तिथला वायरमन पन्नाशीचा आणि एकटाच काम करणारा. तमिळमध्ये दोन शब्द बोलून तो ट्रकखाली शिरला. वायर तो दातांनी सोली. ब्रेक तपासायला खरं तर दोन माणसं लागतात. हा मात्र पेडलवर एक जड दगड ठेवी आणि मागे जाऊन ब्रेकची गुणगुण ऐकायला ट्रेलरच्या चाकाला कान लावी.

तेवढ्यात माझं बोट ट्रेलरच्या फळीत सापडलं. "आई गं!" मी ओरडलो.

तो ट्रकखालून झटकन बाहेर आला. माझ्याकडे बघतच राहिला. मग पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या मराठी घरांत बोलतात तशा जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाला, "आई गेली, तेव्हापासून घरात आमची भाषा बोलायास कोण्ही नाही."

त्याने दगड खाली ठेवला आणि मला पेडलपाशी बसवलं.

"दाबा."

"लागला का?" मी पुढून विचारलं.

"लागला. पुन्हा दाबा."

असं दहा-बारा वेळा झालं. मला उशीर होत होता. "अहो, बास झालं आता!" मी खेकसलो.

त्याने दगड उचलला, पुसला आणि पिशवीत टाकला.

पुढच्या पुलावर ट्रेलर शहाण्यासारखा मागे थांबला. ब्रेक पहिल्यांदा दाबला तेव्हाच लागला होता, पुढचं 'पुन्हा दाबा' ब्रेकसाठी नव्हतंच, हे मला त्या उतारावर कळलं.