माळावरचा दहावा

आमच्या आबांच्या दहाव्याला कावळा आला नाही, कारण तो तिथं राहत नाही. ही माहिती मला आधीच मिळाली होती. पण देणारी माझी नववीतली मुलगी होती, म्हणून मी ती मनावर घेतली नाही, एवढंच.

झालं असं, की गौरीच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंनी वर्गाचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला पृथ्वीवरचा एकेक प्रदेश वाटून दिला. तिथं कोणते प्राणी राहतात, काय खातात, पिल्लं कुठं घालतात, हे शोधून काढायचं. कुणाला बर्फ मिळाला, कुणाला वाळवंट, कुणाला घनदाट जंगल. आमच्या गौरीला काय? गवत! माझं बारामतीत खता-औषधांचं दुकान आहे, तेव्हा गवताकडं मी फक्त तणनाशकाच्या नजरेनं बघतो. बाईंना फोन करून गट बदलून घ्यावा, असं माझ्या मनात आलं होतं.

पण गौरी खूश होती. शेळगावच्या शिवारात आमचा माळ आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी तिथं मेंढरं राखली होती. ती आबांच्या खाटेशेजारी बसून त्यांना खोदून खोदून विचारायची आणि रविवारी मैत्रिणींना घेऊन माळावर जायची. टिटवी उघड्यावर अंडी कशी घालते, हे तिनं पाहून ठेवलं. खोकडाचं, म्हणजे लहान चणीच्या कोल्ह्याचं, बीळही तिनं शोधलं. "पप्पा, आत पिल्लं आहेत!" हे तिनं मला ज्या आनंदानं सांगितलं, त्या आनंदानं ती दहावीचा निकालही सांगणार नाही.

नेमका तोच माळ मला मोडायचा होता. पाईपलाईन आणायची, जेसीबीनं सगळं सपाट करायचं आणि ऊस लावायचा, असा माझा बेत. आबांपुढं विषय काढला की ते एवढंच म्हणायचे, "मी हाय तवर न्हाय." हिवाळ्यात आबा गेले. मी तेरावा उरकल्यावरचा दिवस जेसीबीवाल्याला सांगून टाकला. गौरीनं ते ऐकलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

आता दहावा. तो लोक नदीवर करतात. मला मात्र मोठेपणाची हौस! "आबांचा जीव माळात होता. दहावा माळावरच होणार!" असं मी भरल्या घरात जाहीर केलं. (मनात कुठंतरी टोचत होतं, ते असं भरून काढावं म्हटलं.) तेव्हा गौरी एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"पप्पा, माळावर कावळे नसतात. झाडच नाही तिथं. आम्ही इतके रविवार बसलो, एकसुद्धा दिसला नाही."

"कावळा सगळीकडं असतो."

"तो माणसांच्या जवळ राहतो. उकिरडा, बाजार, झाडं असतात तिथं."

"आबांसाठी येईल," मी म्हणालो. सगळ्या बायकांनी डोळ्याला पदर लावला आणि दहावा माळावर ठरला.

दहाव्याला सकाळी सगळे पाहुणे जीपगाड्या करून माळावर आले. मी डोकं भादरून घेतलेलं. गुरुजींनी विधी केले, दगडावर पिंड ठेवले, शेजारी आबांच्या आवडीची बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मग आम्ही सगळे मागं सरून उभे राहिलो.

आभाळ स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ, की त्यात काहीच नव्हतं.

बराच वेळ गेल्यावर आबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, पुढं आले. "आबाचं कायतरी मागं राहिलंय. शब्द दे त्येला. तू थोरला हायस."

मी हात जोडले. "आबा, धाकट्या बहिणीला दिवाळीला न चुकता आणीन."

काही नाही.

"तुमची म्हैस इकणार न्हाय."

एक टिटवी आमच्यावर ओरडत घिरट्या घालून गेली. आम्ही तिच्या घरात उभे होतो, तिला पिंडाशी काही देणंघेणं नव्हतं.

तात्या घसा खाकरून म्हणाले, "बांधाचं काय त्ये बोल. मोजणी मागं घेतो म्हण."

आमचा आणि तात्यांचा बांधावरून वाद आहे, हे सगळ्या भावकीला ठाऊक. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते अतिशय दुःखी चेहरा करून आभाळाकडं बघत होते. "आबा, मोजणी मागं घेतो," मी म्हणालो. करतो काय? सगळे बघत होते!

मग बायको कानाशी आली. "मला म्हैन्यातनं एकदा माहेरी नेईन म्हणा."

"आबांना त्याचं काय?"

"कुणाचा जीव कशात अडकलाय, तुमाला काय ठावं?"

तेही कबूल केलं. ऊन चढलं. माझ्या ताज्या टकलाला चटके बसू लागले. पाहुण्यांत कुजबुज वाढली. कुणीतरी म्हणालं, "बापाला लई दुखावलं आसंल." ते ऐकलं आणि माझं सगळं नाटक संपलं. आबा खाटेवरून मला काय सांगत होते, ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी खाली बसलो आणि खऱ्या मनानं म्हणालो, "आबा, या माळाला हात लावणार न्हाय. ऊस न्हाय, नांगर न्हाय, कायबी न्हाय. जसा हाय तसा ऱ्हाईल. आता या."

कावळा तरीही आला नाही.

मागून गौरीचा आवाज आला. "पप्पा, इथं कावळा राहत नाही हो." या खेपेला ती रडत होती.

गुरुजींनी शांतपणे पिशवीतून दर्भ काढला. "दर्भाचा कावळा करू. शास्त्रात सोय आहे."

"मग मगाशीच का नाही सांगितलं?"

"तुम्ही शब्द देत होता. मधेच कसं बोलायचं?"

दर्भाचा कावळा पिंडाला शिवला. तात्या लगेच जीपमध्ये जाऊन बसले. त्याच दुपारी मी जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गौरीनं माळावर जाऊन खोकडाला दगडावरची भाकरी पळवताना पाहिलं. घरी येऊन मला हलवून उठवलं आणि सगळ्यांच्या आधी मला ते सांगितलं.

पुढं शाळेत प्रदर्शन भरलं. गौरीच्या गटानं माळ हुबेहूब केला होता. खरं वाळलं गवत, मातीची टिटवी, पुठ्ठ्याचं खोकड. तक्त्याच्या कडेला 'अधिवासाला असलेले धोके' असा मथळा होता आणि त्याखाली एकच फोटो. माझा! दहाव्याच्या दिवशीचा, डोकं भादरलेला. त्याखाली सुवाच्य अक्षरात 'सध्या धोका टळला आहे'.

बाई तक्त्याजवळ आल्या. "गौरी, टळला हे कशावरून? पुरावा काय?"

"मॅडम, सगळ्या भावकीसमोर बोललेत."

"बोलणं हा पुरावा नाही. दर वर्षी निरीक्षण करावं लागेल." मग बाई माझ्याकडं वळल्या. फोटोकडं पाहिलं, परत माझ्याकडं पाहिलं. तोपर्यंत माझे केस चांगले वाढले होते. "हे आपणच का?"

"न्हाय," मी म्हणालो. "आमचे तात्या."