खांदेवाली मॅडम

नांदेडमध्ये माझा दवाखाना सुरू झाला तो एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत. पुढे चाचांचं दुकान, मध्ये एक हिरवा पडदा आणि पडद्यामागे मी. माझ्याकडे यायचं तर शिलाई मशीनला वळसा घालून, टांगलेल्या पँटींमधून वाट काढत यावं लागायचं. पहिल्या महिन्यात पडदा सरकवून जे आत डोकावले, त्यातल्या निम्म्यांना कपडे घालून बघायचे होते. एक गृहस्थ तर माझ्यासमोर शर्टाची बटणं काढायला लागले होते.

मी मूळची लातूरची. फिजिओथेरपी शिकले आणि तिथल्याच एका हॉस्पिटलात चार वर्षं नोकरी केली. लग्न होऊन नांदेडला आल्यावर दोन-तीन ठिकाणी विचारलं, पगाराचा आकडा ऐकला आणि नमस्कार करून परत आले. एका रविवारी जेवताना नवऱ्याला म्हटलं, "मी स्वतःचंच सुरू करते." तो जिल्हा परिषदेत आहे, मोजकं बोलतो. म्हणाला, "कर की." तिथवर काम सोपं होतं. अवघड होतं ते बाबांना सांगणं.

बाबा बँकेत शिपाई म्हणून लागले आणि क्लार्क होऊन निवृत्त झाले. आजोबांनी दीक्षा घेतली, मुलांना शिकवलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात जो शिकला तो नोकरीला लागला. काका शिक्षक, आत्या नर्स, चुलतभाऊ तलाठी. धंदा कुणी केलेला नव्हता. फोनवर बाबा म्हणाले, "एवढं शिकून दुकान टाकून बसणार का माय?"

"दुकान नाही बाबा, दवाखाना."

"एक तारखेला पगार कोण देणार तुला?"

"बघते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

बघायला फारसं काही नव्हतंच. शेजारच्या बायका यायच्या, नवऱ्याच्या ऑफिसातले यायचे, विहारात ओळख झालेले यायचे. सगळे ओळखीचे, त्यामुळे पैसे मागायला जीभ रेटायची नाही. गुडघे दुखणाऱ्या एका मावशींना मी दहा दिवस फुकट तपासलं. कागदावर चित्रं काढून व्यायाम समजावले. अकराव्या दिवशी त्या आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, तू सांगितलेलं ऱ्हाऊनच गेलं. दुसरीकडं दाखवलं. त्यानं चांगले पैसे घेतले, पण मी रोज करून राहिले बघ." आणि जो व्यायाम करून दाखवला तो माझ्या कागदावरचाच होता.

त्या दिवशी मी दुकानात आले ती तोंड पाडूनच. चाचांनी मशीन थांबवलं. साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, गळ्यात कायम टेप. झालेलं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटी, मी तरुण होतो तेव्हा दोस्तांचे कपडे मुफ्त शिवून द्यायचो. कुणी न्यायलाच यायचं न्हाई. पाच-पाच महिने खुंटीला. तेच पैसे घेऊन शिवले, तर माणूस दोन दिवस आधी येऊन दारात उभा. तू फीचा बोर्ड लाव."

"लोक येणार नाहीत चाचा."

"आत्ता कुठं येऊन राहिले?"

बोर्ड लावला. पहिल्यांदा फी सांगितली ती एका शाळेच्या बाईंना. पाठ दुखत होती त्यांची. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांनी दोनदा विचारलं. मी मनात पुढची वाक्यं तयार ठेवली होती, की कमी करून देईन, पुढच्या वेळी द्या. बाई म्हणाल्या, "दहा दिवसांचे एकदम देते. स्कॅनर आहे ना?"

माझ्याकडे स्कॅनर नव्हता. चाचांच्या टेबलावरचा वापरला. पैसे मिळाल्याचं स्कॅनरशेजारच्या बोलक्या डब्यातल्या बाईने मोठ्याने जाहीर केलं आणि पडद्यापलीकडून चाचा ओरडले, "आले बेटी, आले!" शाळेच्या बाई हसल्या, मीही हसले. त्या दहाच्या दहा दिवस आल्या. एक दिवस चुकवला नाही.

याच सुमारास माझ्या लक्षात आलं की चाचा वरच्या फळीवरचं कापड काठीने ओढून काढतात. उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. विचारलं तर म्हणाले, "दीड साल झालं. वय झालं आता." मी खांदा हातात घेऊन बघितला. जाम झालेला होता, पण सुटण्यासारखा होता. म्हटलं, "रोज माझ्यासमोर करायचं. आणि चाचा, फी द्यावी लागेल."

ते इतके हसले की ठसका लागला. "शागीर्द उस्ताद झाली," म्हणाले. फी भाड्यातून वळती करायची असं ठरलं.

खांद्याचा एक साधा व्यायाम असतो. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी, मुंगी चढते तसं, हात भिंतीवर चढवत न्यायचा. चाचा आपल्या दुकानातल्या भिंतीवर तो करू लागले. जिथवर बोट पोचेल तिथं कापडावर खुणा करायच्या खडूने रेघ मारायची, टेपने मोजायचं आणि पडद्याकडे तोंड करून सांगायचं, "आज पाव इंच!" काही दिवस तीच रेघ. एकदा तर दोन रेघा खालीच आली आणि ते दिवसभर रुसून बसले. पण आठवड्यांमागून आठवडे गेले तशी ती शिडी वर चढत गेली. गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय चाचा, पोरांची उंची मोजायले का?" मग चाचा मशीन सोडून उठायचे, हात वर करून दाखवायचे, आणि माझा इतिहास-भूगोल सांगून त्या माणसालाही भिंतीसमोर उभं करायचे. ज्या सकाळी त्यांनी वरच्या फळीवरचा सुटाचा तागा स्वतःच्या हाताने खाली काढला, त्या सकाळी त्यांनी कोपऱ्यावरून जिलेबी आणली आणि रांगेतल्या सगळ्या दुकानांत वाटली. दुपारपर्यंत माझ्याकडे तीन खांदे आले.

त्यानंतर चाचांनी एक नवीनच उद्योग सुरू केला. माप घेताना त्यांना कुणाचा खांदा उतरलाय, कुणाची पाठ वाकलीय ते आपोआप दिसायचं. चाळीस वर्षांची नजर. पूर्वी ते गुपचूप एका बाजूला पॅड जास्त घालून शर्ट सरळ बसवायचे. आता म्हणायचे, "शर्ट मी सरळ करतो, तुम्ही आत जाऊन खांदा सरळ करून घ्या."

असाच एक मुकादम आला. अर्धापूरकडचा, केळी उतरवणाऱ्या टोळीचा. मुलीच्या लग्नासाठी कपडे शिवायला आला होता. चाचांनी दोनदा माप घेतलं आणि त्याला सरळ पडद्यातून आत ढकललं. "डाव्या बाजूला दीड इंच उतरलाय," असा निरोप बरोबर आला.

मुकादम संकोचून बसला. "तसं काय न्हाई मॅडम. रात्रीचं मान लई दुखायलीय. हातात मुंग्या यायल्यात."

मी मान तपासली आणि म्हटलं, "थोडे दिवस ओझं उचलायचं नाही."

"माल थांबतो व्हय मॅडम? केळी पिकायला लागली की कुणाचं ऐकते?"

त्याला व्यायाम दिले, पण माझं समाधान होईना. हा माणूस दिवसभर नेमकं काय करतो ते बघितल्याशिवाय उपाय सांगण्यात अर्थ नव्हता. पुढच्या गुरुवारी मी अर्धापूरची बस धरली.

बागेत बारा जण होते. पानांच्या सावलीत ओल गच्च. एक जण घड कापायचा, दुसरा खांद्यावर झेलायचा, आणि मग बांध ओलांडून रस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत जवळजवळ पळतच जायचं. खांद्यावर फक्त टॉवेलाची घडी. आणि बाराच्या बारा जण एकाच खांद्यावर घ्यायचे, ज्याला ज्याची सवय. मी म्हटलं, "एक खेप डाव्या, एक खेप उजव्या खांद्यावर का नाही घेत?" टोळीतला एक जण म्हणाला, "मॅडम, तुम्ही घेऊन दावा की."

मी पदर खोचला. त्यांनी बिचाऱ्यांनी त्यातल्या त्यात लहान घड दिला. चार पावलं गेले, पाचव्याला पाय चिखलात रुतला आणि घड पोटाशी धरून मी तिथंच बसले. घड वाचवला, साडी नाही. मीच हसायला लागले तसे बाराही जण पोट धरून हसले. मुकादम मान धरून हसत होता, कारण हसल्यावर दुखायचं. त्यानंतर मी जे सांगितलं ते त्यांनी ऐकलं. घड झेलताना गुडघे कसे वाकवायचे, खांदा कसा बदलायचा, दुपारी बांधावर बसून मान कशी मोकळी करायची, सगळं.

टॉवेलाचं मात्र काहीतरी करायला हवं होतं. चाचांना सांगितलं तर त्यांचे डोळेच चमकले. जाड कापड, आत फोम, वरून उभी-आडवी शिलाई, अशी खांद्यावर बसणारी गादी त्यांनी शिवली. पहिली घसरून पडली. दुसरीला बगलेखालून पट्टा लावला तर काचायला लागली. तिसऱ्या वेळी चाचा स्वतः माझ्याबरोबर बसने आले, बागेत उभं राहून बाराही जणांची खांद्यांची मापं घेतली आणि ज्याची त्याला शिवून दिली. ती बसली. दोन महिन्यांनी मुकादमाच्या हातातल्या मुंग्या गेल्या. मुलीच्या लग्नात तो चाचांनी शिवलेल्या सफारीत असा ताठ उभा होता की नवऱ्यामुलाचा बाप तोच वाटत होता.

मुकादम हिशेबी माणूस. लग्न आटोपल्यावर आला आणि म्हणाला, "मॅडम, बारा जण बारा वेळा नांदेडला यायचे म्हणजे बारा रोज बुडतात. तुम्हीच गुरुवारी या. टोळीचं मिळून महिन्याचं ठरवा." मी रक्कम सांगितली. या वेळी आवाज बारीक झाला नाही. त्याने थोडी घासाघीस केली, मी थोडी केली, आणि जमलं. एका टोळीचं बघून दुसरी आली, मग तिसरी. बागायतदारांच्या घरच्या बायका आपले गुडघे घेऊन नांदेडला यायला लागल्या आणि पूर्ण फी मोजून जायला लागल्या. रस्त्यातून जाताना एखादा टेम्पोवाला हॉर्न वाजवून ओरडायचा, "खांदेवाली मॅडम, नमस्कार!" वर्ष सरता सरता मी चाचांच्या शेजारचा गाळा घेतला. दार रस्त्यावर, पडदा नाही. आणि ज्यांचा पगार एक तारखेला मलाच द्यायचा होता, अशा दोन मुली कामावर ठेवल्या.

बाबा हे सगळं फोनवर ऐकत होते. एकदा न सांगता आले. सकाळी दवाखान्याबाहेरच्या बाकावर, पेशंटांच्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन बसले. आम्हाला कुणालाच पत्ता नाही. नंबर आल्यावर आत आले तेव्हा मी किंचाळलेच. म्हणाले, "दीड तास बसलो होतो. तुझ्याबद्दल लोक काय बोलतात ते ऐकत होतो."

"काय बोलतात?"

"ते राहू दे. मान बघ माझी, बँकेत खाली बघून बघून आखडलीय." मी मान बघत असताना त्यांचे डोळे पाणावलेले होते. मी "दुखलं का?" असं विचारलं आणि ते "हाव, दुखलं," म्हणाले. दोघांनीही ते तेवढ्यावरच ठेवलं.

परत गेल्यावर त्यांनी लातूरमध्ये माझ्यासाठी जागा शोधायला सुरुवात केली. मी जागा मागितली नव्हती. त्यांनी एक खोली पसंत केली, घरमालकाशी भाडं ठरवलं, रंग लावून घेतला आणि मग मला कळवलं, "दर शनिवारी यायचं. आईलाही भेट होईल."

पहिल्या शनिवारी सकाळच्या बसने पोचले तर खोलीबाहेर सात माणसं हजर. मी खूश. एकेकाला तपासत गेले तसं लक्षात आलं की सातही जण बाबांच्या बँकेतले निवृत्त मित्र होते. फोन करकरून बोलावलेले, फीसुद्धा आधीच सांगून ठेवलेली. त्यातल्या तिघांना तर काहीही झालेलं नव्हतं. शेवटचे काका टेबलावर झोपून म्हणाले, "कुठं दुखतंय ते आठवायलोय, थांब."

"काका, तुम्ही ठणठणीत आहात. फी घेणार नाही मी."

त्यांचा चेहरा उतरला. "मग पुढच्या शनिवारी येऊ नको?"

"या की. पण टेबलावर नाही. संध्याकाळी चालायला जाऊ, तुम्ही तिघं, बाबा आणि मी."

गेलो. वाटेत बसथांब्यापाशी चहा झाला, तिथं आणखी दोघे सामील झाले. आता दर शनिवारी संध्याकाळी ही चालणारी मंडळी वाढतच चालली आहे. आईने मागच्या आठवड्यात कपाटातून नवे बूट काढून दाखवले, अजून डब्यातच होते. म्हणाली, "मी पण येणार, पण तुझ्या बाबांच्या पुढं चालणार."

चालली. शेवटपर्यंत पुढेच होती.