हायवेखालची मोरी

लेलंड मटुसेकने जन्मभर एकच रेल्वेलाइन सांभाळली, पण दोनदा. आधी एकोणीस वर्षं रूळ टाकणाऱ्यांच्या टोळीत, पगार घेऊन. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या कोपऱ्यातल्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा कंपनीने लाइन बंद केली, आणि स्वतः ठोकलेले रूळ उखडायला त्यालाच रोजावर बोलावलं. तो गेला. घर चालवायचं होतं. पुढे त्या मोकळ्या पट्ट्यावर काउंटीने चुनखडीची बारीक कच पसरून सायकलींची वाट केली. आम्ही तिला नुसतं ट्रेल म्हणतो. साहेबलोकांनी फीत कापली, फोटो काढले आणि पाठ फिरवली ती फिरवलीच. मग लेलंड ती वाट फुकटात सांभाळू लागला.

शनिवारी आम्ही पाच-सहा पेन्शनर त्याच्या मदतीला जमायचो. मी पोस्टातून रिटायर झालेली, तोंडाची फटकळ. मला झुडपं छाटायला द्यायचे. डोनटचा खोका उघडला की आमची कामं थांबायची. लेलंड तोवर चरातला पाला उपसत फर्लांगभर पुढे गेलेला असायचा. पायाखाली कच कशी वाजते यावरून कुठे पाणी मुरतंय ते त्याला कळायचं. बोलणं मात्र जवळपास नाहीच.

"याने रूळ उपटले ना, त्यांच्याबरोबर जीभपण भंगारात घातली," त्याची धाकटी बहीण मर्ना म्हणायची.

मर्ना अठ्ठावन्न वर्षांची. हसली की रस्त्याच्या टोकाला ऐकू जायचं. तिला फिट्स यायच्या, वर्षाकाठी एखादी, पण तेवढ्यावर गाडीचं लायसन्स गेलं. आमच्याकडे गाडी नसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. हायवेपलीकडच्या वृद्धाश्रमात ती स्वयंपाकाला होती. सातला म्हाताऱ्यांचा नाश्ता लागायचा, म्हणून साडेसहाला ती सायकलवर असायची, ऊन असो की धुकं.

ट्रेल हायवेला छेदते तिथे सगळी गोम होती. गॅसच्या विहिरींचे टँकर टेकडीवरून वळण घेऊन सुसाट येतात. ड्रायव्हरला सायकल दिसते तोवर ब्रेक दाबून उपयोग नसतो. लेलंडला तिथे एक दिवा हवा होता, बटण दाबलं की पिवळा लुकलुकणारा. बस, एवढंच. त्यासाठी चार वर्षं तो रस्ते खात्याचे उंबरे झिजवत होता.

दिवा मिळेना, म्हणून त्याने मोरी खोदली. म्हणजे मोरी होतीच, हायवेच्या पोटातून, जुन्या विटांची, कोणीतरी गुरं पलीकडे न्यायला बांधलेली आणि छातीपर्यंत गाळाने भरलेली. दोन उन्हाळे तो एकटा फावडं घेऊन तिच्यात उतरत होता. तळाला कच चोपली, पाण्याला बाजूने चर दिला. शेवटी मी पाटी रंगवली, 'रस्ता ओलांडू नका. खालून जा,' आणि खाली ठसठशीत बाण. अक्षर झकास आलं होतं, मी दोन दिवस मिरवत होते. सगळा गाव खालून जाऊ लागला. मर्ना आत शिरली की मुद्दाम गाणं म्हणायची, कारण आवाज घुमायचा.

पण बर्फ वितळला की मोरीत गुडघाभर पाणी, आणि थंडीत तळाला गुळगुळीत बर्फ. वर्षातले चार महिने पुन्हा तोच हायवे. दिवा हवाच होता.

एका सप्टेंबरात रस्ते खात्याने अखेर मोजणी लावली. खांबावर कॅमेरा, तीन दिवस. साठ माणसं रस्ता ओलांडताना दिसली की दिवा. आम्हाला कोण आनंद! ट्रेल झाडली, कडेचं गवत कापलं, जणू पाहुणे बघायला येणार होते. माझ्या पाटीवरून धूळसुद्धा पुसली. ती पाटी तीन दिवस झाकून ठेवावी हे आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

तीन दिवसांत नऊ माणसं दिसली.

खात्याचा इंजिनिअर ऑट म्हणून होता, तिशीतला, गुळगुळीत दाढी केलेला. लेलंडबरोबर मी गेले होते, कारण तो बोलणार नाही हे मला माहीत होतं. पण बोलला.

"माणसं खालून जातात," लेलंड म्हणाला.

"खालची मोजता येत नाहीत, मिस्टर मटुसेक. खाली रस्ता नाही."

"मी त्यांना गाडीखाली जाऊ दिलं नाही, म्हणून दिवा नाही?"

"तुम्ही काम फार चांगलं केलंत, हीच अडचण आहे," ऑट म्हणाला. मग उठून त्याने दार लोटलं. "मी बोललो नाही असं समजा. एप्रिलमध्ये परत मोजायला लावतो. तेवढे दिवस खालची वाट बंद ठेवा."

त्या संध्याकाळी मर्नाने पिएरोगी, बटाट्याच्या करंज्या, तळल्या होत्या. लेलंडने एकीलाही हात लावला नाही.

"नको," तो म्हणाला.

"अरे, तीन दिवस!" मर्ना म्हणाली. "तीन दिवस साखळी लाव. मी काय जन्मभर घुशीसारखी बिळातून जाऊ?"

"टँकर बघतेस ना?"

"मी बघते रे बाबा. ते मला बघत नाहीत. म्हणूनच दिवा पाहिजे ना?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी तरी त्याची बाजू घेईन असं त्याला वाटलं असणार. मी म्हटलं, "लेल, तीन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?" हे माझेच शब्द. मी ते कुणावर ढकलत नाही.

त्या वर्षी बर्फ बेताचाच पडला होता आणि एप्रिलमध्ये मोरी ठणठणीत कोरडी होती. लेलंडने तिच्या तोंडाला साखळी लावली, मी पाटी काढली. पहिले दोन दिवस तो नारिंगी जॅकेट घालून, हातात रेल्वेतला लाल झेंडा घेऊन पहाटेपासून हायवेच्या कडेला उभा राहिला. गाड्या थांबवायचा, माणसं पलीकडे घालवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑटचा फोन आला. झालं ते झालं, पण उद्याही झेंडा दाखवणारा माणूस उभा दिसला तर सगळी मोजणी बाद होईल. लोकांनी नेहमीसारखं जायला हवं.

तिसऱ्या दिवशी लेलंड घरी बसला. आदल्या संध्याकाळी त्याने मर्नाला म्हणे विचारलं होतं, उद्या रजा टाकशील का. ती म्हणाली, "आणि एक माणूस कमी करू?"

टँकरवाला रडत होता. सहा पस्तीसला धुकं होतं, असं तो सगळ्यांना सांगत होता. मी पोचले तेव्हा लेलंड रस्त्यावर मांडी घालून बसला होता आणि पोलीस त्याला उठवायला धजत नव्हते. मर्नाच्या सायकलच्या टोपलीतले वृद्धाश्रमाचे ॲप्रन डांबरावर पसरले होते, धुऊन इस्त्री केलेले.

जूनमध्ये दिवा मंजूर झाला. ऑटने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. त्याने टाय लावला होता, पाणी दिलं, फार वाईट वाटतं म्हणाला. वाटतही असेल. मी ते पाणी प्यायले नाही. त्याने मोजणीचा कागद लेलंडपुढे सरकवला. एकूण एकाहत्तर.

लेलंड एकेक ओळ वाचत गेला. मग एका ओळीवर त्याने बोट ठेवलं. तिसरा दिवस, सकाळी सहा ते सात, ओलांडणारे: एक.

"ओलांडणारे म्हणजे काय?" त्याने विचारलं.

ऑटला कळलं. तो खाली बघू लागला. "म्हणजे... या बाजूने त्या बाजूला गेलेले."

"ती नाही गेली. मधल्या पिवळ्या रेघेपर्यंत गेली. तिथेच पडली होती, मी बघितलंय. खोडा."

"मिस्टर मटुसेक, एकाने काही फरक पडत नाही. दिवा तर मंजूर आहे."

"फरक पडत नाही ना? मग खोडा."

ऑट म्हणाला, कागदावर सह्या झाल्यात, वरच्या ऑफिसला गेलाय, आता त्यात काही बदलता येत नाही. लेलंडने वाद घातला नाही. त्याने टेबलावरचं पेन उचललं, आपल्या प्रतीवरचा तो एक खोडला, शेजारी शून्य लिहिलं, खाली एकाहत्तरचे सत्तर केले आणि घडी करून कागद खिशात घातला.

ती प्रत त्याच्या घरी आहे. खात्याच्या फायलीत मर्ना पलीकडे पोचलेली आहे.