यादी रिकामी असेल तर

आमच्या येरवड्याच्या ऑफिसात रझिया बागवान सहा महिन्यांच्या बोलीवर आली, तेव्हाच मला वाटलं, हिचं काही खरं नाही. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "शरच्चंद्र सर, ही चाचणी कधी नापास झालीये का?" असलं काही आमच्याकडे विचारत नाहीत. आमच्याकडे चाचण्या पास होण्यासाठीच लिहितात.

काम सांगतो. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये भरवशाच्या संस्थांच्या प्रमाणपत्रांची एक यादी असते. समोरची वेबसाइट खरी की तोतया, ते त्यावरून ठरतं. आमचं सॉफ्टवेअर लॅबमधून पेशंटचे रिपोर्ट डॉक्टरांना पाठवतं, त्याआधी त्याने ही यादी वाचायची असते. वाचतं का, हे रझियाने तपासायचं. तीन वर्षं आम्ही खऱ्या वेबसाइटला जोडून बघत होतो. जोडली गेली की हिरवी खूण. तोतयाला हाकलतं का, हे बघायचं कुणाला सुचलंच नाही. आणि हे कुठे, तर पुण्यात, जिथे आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं दुकानदाराला शिकवावं लागत नाही.

रझियाने एक कोरं मशीन मागून घेतलं. त्यावर यादी नेहमीच्या जागी नव्हती, सॉफ्टवेअरला ती सापडली नाही. मग तिने एक तोतया वेबसाइट बनवली आणि तिला स्वतःच सही ठोकून प्रमाणपत्र दिलं. सॉफ्टवेअरने त्या तोतयाला सगळे रिपोर्ट निमूट देऊन टाकले. यादी रिकामी दिसली तर सगळ्यांवरच भरवसा ठेवायचा, अशी एक ओळ आत होती. शेजारी शेरा, 'तात्पुरतं'. ती ओळ मी लिहिली होती, तीन वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी घरी जायच्या घाईत. आपल्या गावात तात्पुरतं म्हणजे किती वर्षं, ते मी सांगायला नको.

रझियाने लाल खूण केली. आमचा मॅनेजर दत्तप्रसाद तिच्या टेबलाशी आला. तिला नोकरीत कायम करायचं की नाही, हे त्याच्या हातात.

"उद्या गिऱ्हाइकाला माल द्यायचाय. सोमवारी लाल कर की. तीन वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही."

"बिघडलं असतं तरी आपल्याला कळलं नसतं, सर."

"अगं, तुझं कायम होण्याचं पत्र माझ्याकडे पडलंय."

"माहीत आहे, सर."

"बरं, ही ओळ लिहिलीय कुणी?"

प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव असतं. रझियाने ते पाहिलं होतं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "कुणी का लिहिली असेना, काढून टाकू या." मी शेजारच्याच खुर्चीत होतो. पाण्याची बाटली उघडली, बंद केली. तोंड तेवढं उघडलं नाही.

माल थांबला. ती ओळ मीच काढली आणि यादी शोधायची जागा दुरुस्त केली. सोमवारी दोन मेल आले. मला 'तत्परतेने दोष दूर केल्याबद्दल' शाबासकी. रझियाला आणखी सहा महिन्यांची कच्ची नोकरी, कारण 'संघभावना कमी'. मला भयंकर लाज वाटली. कॅन्टीनमध्ये तिला गाठून म्हणालो, "मी दत्तप्रसादला सगळं खरं सांगतो."

"कधी, सर?"

"बघतो. या आठवड्यात जरा गडबड आहे."

तिने चहा संपवला आणि पिशवी उचलली.

"सावकाश सांगा, सर. माझ्याकडे सहा महिने आहेत."