मोहनसिंगला पाजू नका

प्रयागबाईला फुटबॉलमधलं फारसं काही कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय हे तिच्या पोरानं, दिनेशनं, कितीदा तरी समजावून सांगितलं होतं, पण ते तिच्या डोक्यात कधी शिरलं नाही. तरी अकोल्याकडच्या त्यांच्या मालेगावात मॅच असली की ती हातातलं निंदण टाकून बांधावर, धुऱ्यावर येऊन बसायची. गुलाबरावांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, भाजीचा मळा मैदानाला लागूनच होता. मधे फक्त बोराटीच्या काट्यांचं कुंपण. बॉल उडून हमखास वांग्यात पडायचा आणि तो आणायला पोरं धाडधाड आत घुसायची. तेव्हा गुलाबरावांच्या तोंडून जे निघायचं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

मोहनसिंग आडे तेवढा वेगळा. मानोऱ्याकडच्या एका तांड्यातला हा किडकिडीत, लांब पायांचा पोरगा मालेगावच्या टीमकडून डाव्या बाजूनं खेळायचा. बॉल आणायला आला की आधी कुंपणाशी थांबायचा. "याडी, येऊ का?" असं विचारायचा. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मग सरीतून पाय टाकत जायचा आणि तसाच परत यायचा. एकदा घाईत त्याचा पाय वांग्याच्या एका रोपावर पडला. तिकडे मैदानावरून सगळे ओरडत होते, आणि हा खाली बसून त्या रोपट्याला मातीचा टेकू देत होता. त्या दिवसापासून प्रयागबाईनं त्याला आपला मानलं. तिच्या लेखी मालेगावची टीम म्हणजे मोहनसिंग, आणि उरलेले दहा जण त्याच्या सोबतीला आलेले.

मग ती कामठीच्या टीमविरुद्धची फायनल झाली. त्या मॅचला आता वीसेक वर्षं झाली असतील. कामठीवाले म्हणजे फुटबॉलात मुरलेले लोक, आणि तरीही मॅच शेवटपर्यंत बरोबरीत चालली होती. अगदी शेवटी मालेगावला कॉर्नर मिळाला, तोही मळ्याच्या बाजूचा. प्रयागबाई नेमकी त्याच कोपऱ्यात, कुंपणाबाहेर मैदानात, टोपलं घेऊन बसलेली. मोहनसिंगला पळत यायला जागा पुरेना. सारं मैदान श्वास धरून उभं असताना तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "याडी, जराशी सरक." ती टोपल्यासकट सरकली. त्यानं डाव्या पायानं बॉल उचलला. तो आधी बाहेर जातो असं वाटलं, मग हवेतच वळला, आणि कोणाच्याही अंगाला न लागता गोलकीच्या हातावरून थेट जाळीत गेला. माणसं कुंपण मोडून मळ्यातूनच मैदानात धावली. अख्खा सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वाफा तुडवला गेला, पण त्या दिवशी गुलाबराव चकार शब्द बोलले नाहीत.

त्या गोलानं मोहनसिंगचं आयुष्य बदललं. नागपूरच्या एका क्लबचे लोक त्याला घेऊन गेले. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लावून देऊ, असा शब्दही त्यांनी दिला. गावात केस कापायचं दुकान असलेल्या बबलूनं त्याचा फोटो मोठा करून आरशाच्या वर लावला. दोन हंगाम सगळं नीट चाललं. तिसऱ्या हंगामात कोणीतरी आडवा आला, आणि मोहनसिंगचा गुडघा त्याच्या वजनाखाली फिरला. प्लास्टर क्लबनं केलं. ऑपरेशनची गोष्ट निघाली तशी माणसं भेटेनाशी झाली, आणि नोकरीचा विषय तर पुन्हा कोणी काढलाच नाही.

तो परत आला. लग्न झालं, लेकरं झाली. बायको, हेमला नावाची, कामाला वाघीण. तांड्यातल्या इतरांसारखी ही जोडीही दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊ लागली. पण उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं म्हणजे गुडघे शाबूत पाहिजेत. एकदा तो मोळीसकट खाली आला. पुढच्या वर्षी मुकादमानं हेमलाला तिच्या भावासोबत जोडीला धरलं आणि याला घरी बसायला सांगितलं. बायको कमवायला गेली आणि आपण तांड्यात म्हाताऱ्यांजवळ बसलो, हे मोहनसिंगला सोसलं नाही. तो मालेगावला आला आणि बसस्टँडच्या मागं, दारूच्या दुकानाशी, दिसू लागला.

तिथं त्याला ओळखणारे पुष्कळ होते. जो भेटायचा तो हात धरून बसवायचा, तो गोल सांग म्हणायचा, आणि सांगता सांगता त्याच्यापुढं ग्लास भरायचा. त्याला दारू कधी विकत घ्यावी लागली नाही. गावाचं त्याच्यावर प्रेमच तेवढं होतं.

प्रयागबाई बाजारात भाजी घेऊन बसायची, तेव्हा हे तिच्या कानावर यायचं. डोळ्यांनी पाहायचा प्रसंग मात्र मागच्या वर्षी आला. दसरा झालेला, दुपारची वेळ, गिऱ्हाईक कमी. बसस्टँडच्या भिंतीजवळ सात-आठ जण गोळा झालेले होते. मधे मोहनसिंग. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर. कोणीतरी त्याच्यापुढं पत्ताकोबीचा एक गड्डा ठेवला आणि कॉर्नर मारून दाखव म्हणालं. तो मागं सरकला, त्यानं अंदाज घेतला, डावा पाय उचलला आणि तसाच बाजूला कोसळला. हसलं कोणी नाही. उलट सगळे धावले, त्याला उचललं, कपडे झटकले, एकाचे तर डोळे भरून आले. मग एकानं खांद्यावर हात टाकून त्याला मागच्या दुकानाकडं नेलं. तो एक जण म्हणजे दिनेश होता, प्रयागबाईचा पोरगा.

संध्याकाळी ती त्याला वाढायला बसली. भाकर ताटात टाकली आणि म्हणाली, "तुमी त्याले काहून पाजता?"

दिनेशनं भाकरीचा तुकडा मोडला. मग तो म्हणाला, "आई, वाईट बुद्धीनं नाई देत. त्याले असं पाह्यलं का जीव तुटते."

"तुमचा जीव तुटते म्हनून तुमी त्याचा जीव घेऊन राह्यले."

ती आवाज चढवून बोलली नव्हती. गुलाबराव जेवता जेवता थांबले. दिनेशनं ताटाकडं पाहत कशीबशी एक भाकर संपवली.

दुसऱ्या दिवशी तो बबलूच्या दुकानात गेला आणि आई काय म्हणाली ते त्यानं तसंच्या तसं सांगितलं. बबलू वस्तऱ्याला धार लावत होता, तो हात तसाच राहिला. त्यानंही कितीदा पाजली होती. दोघांनी मिळून ओळखीच्या एकेकाला गाठलं. चहा पाजा, जेवू घाला, पण मोहनसिंगला दारू पाजू नका, एवढंच सांगणं. काहींना ते पटलं, काहींनी मान हलवली आणि आपलं चालूच ठेवलं. जे थांबले त्यांच्यावर मोहनसिंग चिडला. मी भिकारी आहे का, मला शिकवणारे तुम्ही कोण, असं भर रस्त्यात बोलला. प्रयागबाई त्याला समजवायला गेली, तर तिच्याकडेही पाठ फिरवून निघून गेला. ती टोपल्याजवळ येऊन बसली आणि त्या दिवशी तिनं कोणाला भाव नीट सांगितला नाही.

दिवाळीनंतर हेमला पुन्हा ऊसतोडीला गेली. त्यानंतर काही दिवसांनी मोहनसिंग नालीत पडलेला सापडला. कपाळ फुटलं होतं. बबलूनं त्याला दुकानात आणून जखम धुतली. आरशासमोरच्या खुर्चीत बसवलं तेव्हा त्याला आरशात आपलं तोंड आणि वरचा फोटो दोन्ही एकदम दिसले. त्यानं बबलूला खुर्ची फिरवायला सांगितली. आणि मग स्वतःहूनच म्हणाला, "कुठी नेता ते न्या."

दिनेश त्याला मोटारसायकलवर मागं बसवून अकोल्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेला. केंद्रातले दिवस कसे गेले ते मोहनसिंगनं कधी सांगितलं नाही. परत आला तेव्हा नजर ठरत होती.

आता त्याला ठेवायचं कुठं? बसस्टँडजवळ गेला की संपलंच. प्रयागबाईनं मळ्याचा विषय काढला, तर गुलाबराव आधी तयार होईनात. वाकता येत नाही, बसता येत नाही, असा गडी मळ्यात काय कामाचा, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. तेव्हा ती म्हणाली की उभ्यानं पाणी तर देता येतं, आणि स्टुलावर बसून जुड्या बांधता येतात. गुलाबरावांनी पुढं वाद घातला नाही. गुरांच्या कोठ्यातलं जुनं लाकडी स्टूल काढलं, त्याचा हलणारा पाय ठोकून पक्का केला आणि विहिरीजवळ नेऊन ठेवलं.

थंडीचे दिवस असे गेले. मोहनसिंग विहिरीवरची मोटार लावायचा, वाफ्यांना पाणी फिरवायचा, दुपारी मेथीच्या आणि पालकाच्या जुड्या बांधायचा. बोलायचा कमी. एके दिवशी प्रयागबाई समोर बसून मेथी निवडत असताना तो खाली पाहतच म्हणाला, "याडी, एक सांगू? तो गोल म्या मारला नवता."

"मंग कोनं मारला?"

"म्या बॉल मधात टाकला होता. आपला गडी उभा होता डोक्यानं मारायले. हवा आली अन् बॉल वयला. साऱ्यायनं मले खांद्यावर घेतलं, मंग मी काय बोलनार? नागपूरलेबी त्याच गोलासाठी नेलं. तवापासून जो भेटते तो तेच इचारते. मी रोज खोटं सांगतो. पेल्याशिवाय सांगताच येत नाई."

प्रयागबाईचे हात थांबले. गावानं इतकी वर्षं ज्याच्यावर जीव टाकला ती गोष्ट या माणसाच्या मानेवर धोंड्यासारखी बसली होती, आणि प्रत्येक जण प्रेमानं तिच्यावर आणखी एक धोंडा ठेवून जात होता.

"मले त्यातलं काय समजते, बापा," ती म्हणाली. "येवढ्या गडबडीत तू मले सरक म्हनलं. टोपलं तुडवलं नाई. माह्या ध्यानात तेच हाये."

मोहनसिंगनं तिच्याकडं पाहिलं आणि पुढची जुडी उचलली. संध्याकाळी तिनं दिनेशला एवढंच बजावलं की मोहनसिंगला त्या गोलाबद्दल कोणी काही विचारायचं नाही. का, ते सांगितलं नाही. दिनेशनं आईचा चेहरा पाहिला आणि विचारलंही नाही.

ही गोष्ट दारू बंद करण्याहून अवघड निघाली. लोक मळ्यावर भाजी घ्यायला म्हणून यायचे आणि पिशवी भरून झाली तरी घुटमळायचे. ओठावर आलेलं गिळायचे. बबलूनं फोटो काही काढला नाही, तेवढं त्याच्याच्यानं झालं नाही. पण मोहनसिंग दाढीला आला की तो मुद्दाम कपाशीच्या भावाचा विषय काढायचा.

होळीला मोहनसिंग तांड्यावर गेला. होळी म्हणजे त्यांचा मोठा सण. नाच, गाणी, पाहुणे. तिथं तो घसरला आणि परतलाच नाही. गुलाबराव स्वतःच मोटार लावू लागले. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी तो कुंपणाबाहेर उभा दिसला. आत यायची हिंमत नव्हती. प्रयागबाईच्या मनात राग होता, खूप होता. तो तिनं गिळला नाही, फक्त बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मेथी निंगून राह्यली. जुड्या कोन बांधीन?"

ऊसतोड संपवून हेमला आली ती थेट मळ्यावर. नवरा स्टुलावर बसून पालक बांधतोय हे तिनं दुरून पाहिलं, पण पुढं गेली नाही. प्रयागबाईजवळ बसून राहिली. तिनं सांगितलं की असं याआधीही झालं आहे. देवाची शपथ झाली, लेकरांची शपथ झाली. आता विश्वास ठेवायची भीती वाटते. प्रयागबाईनं तिला खात्री दिली नाही. होळीचं जे झालं तेही लपवलं नाही. पाहून घे, राहून घे, मग ठरव, एवढंच म्हणाली.

हेमला राहिली. या वर्षी दिवाळी झाली, मुकादमाची गाडी तांड्यावर येऊन गेली, पण ती चढली नाही. मळ्याचा एक तुकडा गुलाबरावांनी दोघांना बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिला आहे. त्यात त्यांनी फुलकोबी लावली, आणि हेमलाच्या हट्टापायी कडेनं झेंडू. बाजारात भाजी ती विकते, कारण मोहनसिंग कोणालाही जास्तीचं टाकून देतो.

अजूनही एखाद्या दिवशी तो मळ्यातून दिसेनासा होतो. अशा वेळी हेमला कोणाला काही सांगत नाही. पदर खोचते, बसस्टँडच्या मागं जाते आणि त्याच्या शेजारी बसते. भांडत नाही, ओढत नाही. तिथले लोकही आता तिला पाहिलं की ग्लास मागं घेतात. बराच वेळ दोघं तसेच बसतात. मग तो उठतो आणि दोघं ऑटोनं परत येतात. दुसऱ्या दिवशी त्याचा गुडघा जास्त दुखतो, म्हणून प्रयागबाई त्याला उन्हात बसायला सांगते. पण तिचं ऐकायच्या आत त्यानं मोटार सुरू केलेली असते, आणि पाणी फुलकोबीच्या दुसऱ्या वाफ्यात पोचलेलं असतं.