कानसेन

"ही चढणार नाही, काढा," असं तो एकदा म्हणाला होता, आणि तेवढ्या एका वाक्यावर त्याला पुढची कित्येक वर्षं मान मिळाला.

म्हणाला तेव्हा तो टेलिफोन खात्यातला साधा फिटर होता. दातांच्या डॉक्टरांचा फोन खरखरत होता म्हणून त्यांच्या दवाखान्यात आला होता आणि भिंतीशी उकिडवा बसून वायर सोलत होता. पेशंट संपले होते. एरवी लोक जिथे गाल धरून बसत त्या बाहेरच्या खोलीत डॉक्टर आणि त्यांचे मित्र, एका शाळेतले गणिताचे मास्तर, टीव्हीसमोर श्वास रोखून बसले होते. टीव्हीला वहीएवढा एक काळा कॉम्प्युटर जोडलेला, कॉम्प्युटरला टेपरेकॉर्डर, आणि त्या टेपरेकॉर्डरमधून असा काही आवाज येत होता, की ऐकणाऱ्याला वाटावं, डॉक्टरांचं मशीन कुणाच्या तरी दाढेत घुसलंय आणि डॉक्टर मात्र इथे बसलेत.

तेव्हाचे ते घरगुती कॉम्प्युटर फार विसरभोळे. बंद केला की कोरा. म्हणून जे लिहिलं ते आवाजाच्या रूपात साध्या गाण्याच्या कॅसेटवर भरून ठेवायचं आणि पुन्हा हवं असेल तेव्हा तो आवाज त्याला ऐकवायचा. याला ही मंडळी टेप चढवणं म्हणत. चढायला पाच-सहा मिनिटं लागत. शेवटच्या मिनिटात जरी एखादी किंकाळी चुकली, तरी पडद्यावर एक रुक्ष ओळ उमटे आणि सगळं मुसळ केरात.

फिटरनं मान वर न करता सांगितलं, ही चढणार नाही. एखादी खुर्ची बोलावी तसे दोघे त्याच्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं ती रुक्ष ओळ पडद्यावर आली.

"तुम्हाला कसं कळलं हो?" मास्तरांनी विचारलं.

"आवाज बोथट आहे."

"बोथट म्हणजे?"

"म्हणजे बोथट."

तो हात पुसत उठला, टेपरेकॉर्डरचं झाकण उघडलं. टेप ज्या चकचकीत तुकड्याला घासत जाते तो तुकडा, म्हणजे हेड, किंचित तिरका झाला होता. रेकॉर्डर कधीतरी स्टुलावरून पडला असणार. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. टेप वाजत असताना त्यानं तो केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवला. आवाजाला धार आली. "आता लावा," तो म्हणाला. टेप चढली.

"तानसेन पुष्कळ पाहिले," मास्तर म्हणाले. "हा कानसेन."

नाव चिकटलं. पुढे त्याचं खरं नाव दवाखान्यात कुणी विचारलंसुद्धा नाही.

मास्तर प्रोग्रॅम लिहीत. डॉक्टर चौकटीच्या कागदावर चित्रं काढून ती आकड्यांत बसवत. कानसेननं काही लिहिलं नाही. एकदा लिहून पाहिलं होतं, पडद्यावर स्वतःचं नाव यावं एवढंच. नाव आलं, पण थांबेना. खालून वर, खालून वर, पडदा भरून नावच नाव. मास्तर पोट धरधरून हसले. "अरे, निवडणुकीला उभा आहेस का?" तोही हसला आणि पुन्हा त्या कळांच्या वाटेला गेला नाही. त्याची जागा टेपरेकॉर्डरपाशी. तिथे मात्र त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नसे.

कारण डॉक्टरांनी तो रेकॉर्डर वापरणं सोडलं नाही. हेड सैल, आज असं तर उद्या तसं. भरलेल्या टेपाही तशाच, प्रत्येकीचा कल निराळा. हेड एकदाचं सरळ करून टाकावं हे सगळ्यांना सुचलं होतं. पण सरळ केलं असतं तर आधीच्या सगळ्या टेपा वाकड्या ठरल्या असत्या. तेव्हा तो तिरकेपणा त्यांनी सांभाळला, आणि दर वेळी कानसेननं कान लावून त्या त्या टेपेचा कल शोधायचा असं ठरून गेलं.

दिवसभर तो एक्सचेंजमध्ये डोक्याला हेडफोन लावून लायनी तपासायचा. साहेब त्याला "ए, अरे" म्हणत. संध्याकाळी दवाखान्यात त्यानं बोट वर केलं की डॉक्टर आणि मास्तर, दोन शिकलेली माणसं, बोलता बोलता गप्प होत. खोलीत कापूर-लवंगेसारखा औषधाचा वास, टीव्हीचा निळा उजेड, आणि सगळ्यांच्या मधोमध त्याचं ते बोट. घरी गेल्यावर बायको विचारायची, "झाले का दात काढून?"  तो काय सांगणार? जगात एक खोली होती जिथे त्याची वाट बघितली जाई.

मग दुसरे कॉम्प्युटर आले. ते काहीच विसरत नव्हते. टेपरेकॉर्डर कपाटात गेला. डॉक्टरांना पेशंट वाढले, मास्तरांना शिकवण्या. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं येणं-जाणं विरत गेलं. कानसेन एक्सचेंजमधून निवृत्त झाला आणि त्याच्या मागोमाग त्याचे कान.

आधी दाराची बेल गेली. मग पाखरं. मग नातीचं बोलणं. ती काहीतरी सांगते आहे एवढं दिसायचं. एवढी वर्षं कानात सोडलेल्या चाचणीच्या शिट्ट्यांनी आतलं काहीतरी खरवडून नेलं होतं. जाड आवाज राहिले: मोटार, दार, बायकोचा खोकला. जगाची धार गेली. हे फक्त बायकोला माहीत होतं, आणि ती आता त्याच्याशी विहिरीत वाकून बोलावं तशी बोले.

डॉक्टर वारले तेव्हा तो जाऊन आला. नंतर काही महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. तो बायकोनंच घेतला.

"दवाखाना विकला म्हणे तिनं," फोन ठेवून बायको म्हणाली. "सामान आवरताना तुमच्या त्या कॅसेटा सापडल्या. त्यात किड्याचा खेळ आहे. तो तिला हवाय. रविवारी बोलावलंय. मास्तर पण येणार आहेत."

किड्याचा खेळ त्याला आठवला. दातांची रांग, एक किडा दात खात पुढे सरकतो, आणि ब्रशनं त्याला गाठायचं. किडा त्या मुलीनंच काढला होता, शाळेच्या चौकटीच्या वहीत, जीभ बाहेर काढून. डॉक्टरांनी तो घर न घर मोजून पडद्यावर आणला. तो खेळ त्या एका टेपेशिवाय कुठेही नव्हता.

"मास्तर तिला म्हणालेत, कानसेन आहे तोवर टेपेची काळजी नको," बायको म्हणाली. मग जरा थांबून, "अहो, सांगून टाका सरळ."

"काय सांगू?"

"हेच, की ऐकू येत नाही."

"येतं."

"येतं? मग मी मघाशी काय म्हणाले?"

"सांगून टाका म्हणालीस."

"त्याच्या आधी."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. ओठ आता बंद होते.

रविवारी तो गेला. दवाखाना रिकामा. दातांची खुर्ची उचललेली, तिच्या पायांचे चार पांढरे डाग तेवढे फरशीवर. बाहेरच्या खोलीत एका टेबलावर जुना टीव्ही, तो काळा कॉम्प्युटर, टेपरेकॉर्डर, कॅसेटांचं खोकं. मास्तर काठी टेकत आधीच येऊन बसले होते. दात नव्हते, पण चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा.

"ये रे, कानसेना! कसली वाट बघायचो आपण, आठवतं? आताच्या लोकांना वाट बघणंच माहीत नाही. दाबलं की हजर. त्यात काय राम आहे?"

मास्तर मोठ्यानं बोलत, म्हणून ते बरंचसं कळलं. त्याला आठवलं ते वेगळं होतं: आखडलेली पाठ, तापलेल्या वायरींचा वास, आणि चढली नाही तर ही माणसं आपल्याला पुन्हा बोलावतील का, ही भीती. ती पाच मिनिटं मास्तरांसाठी मजेची होती. त्याच्यासाठी दर वेळी परीक्षा होती. आणि आज ती पुन्हा होती.

मुलगी चहा घेऊन आली. चाळिशी उलटलेली, कपाळ थेट डॉक्टरांचं. ती हळू बोले. तिनं टेप दाखवली, तपकिरी पट्टीवर बोट ठेवलं. "...जुनी झालीय, काका. थर सुटतोय. जाणकाराला विचारलं मी. तीन-चारदा वाजेल, म्हणाला, मग सगळं पुसलं जाईल." तिनं हातानंही दाखवलं, म्हणून समजलं.

त्यानं झाकण उघडलं, स्क्रूड्रायव्हर लावला, टेप सुरू केली आणि बोट वर केलं. दोघं गप्प झाली. तेवढं जुनं अजून चालत होतं.

रजईआडून कुणी कण्हावं तसं काहीतरी आलं. त्यानं स्क्रू केसभर फिरवला. तसंच. उलट फिरवला. तसंच. पाणी तोडलेल्या घरात नळ फिरवावा तसा तो फिरवत राहिला. मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत होते, देवळात आल्यासारखे.

"बस," तो म्हणाला. "लावा."

मुलीनं टेप मागे नेऊन लावली. ते थांबले. मास्तरांनी डोळेसुद्धा मिटले. मग पडद्यावर ती रुक्ष ओळ आली.

"पहिल्यांदा होतंच असं!" मास्तर खूश होऊन म्हणाले. "अगदी तस्संच होतंय सगळं!"

मुलीनं कापसानं हेड पुसलं. कापूस तपकिरी झाला. ती त्या कापसाकडे बघत राहिली. कानसेनला कळलं. पुढचा अंदाज चुकला तर त्याची किंमत तो स्वतःच्या खिशातून भरणार नव्हता. ती तिच्या किड्याच्या अंगावरून खरवडली जाणार होती.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

मास्तर खो खो हसले. "ऐकलंस का गं? कानसेनाला ऐकू येत नाही! उद्या मी म्हणेन, मला बेरीज येत नाही."

"खरंच, मास्तर. बारीक आवाज काहीच येत नाहीत. कधीचेच गेलेत."

मास्तरांचं हसू लगेच गेलं नाही. आधी ते एका बाजूनं वितळलं. मग त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "नाटकं पुरे. डॉक्टर गेला. ही जागा चालली. आता कान पण गेले म्हणतोस? मग मी कशाला आलो इथे? फिरव तो स्क्रू." आणि ते खुर्ची ओढून पार टीव्हीला नाक लावून बसले, पाठ करून.

 मुलीनं पिशवीतून लॅपटॉप काढला, एक वायर टेपरेकॉर्डरला जोडली आणि पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर एक आडवी हिरवी रेघ होती. तिनं टेप सुरू केली. रेघेला बारीक काटे फुटले. ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली, आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "धार आली की हे उंच होतात."

त्यानं स्क्रू फिरवला. काटे बसले. उलट फिरवला. काटे उठले, वाढले, गवतासारखे दाट झाले, आणि मग पुन्हा बसू लागले. तो मागे आला. सगळ्यात उंच होते तिथे हात थांबवला. कानात रजईआडचं तेच कण्हणं.

"लावा," तो म्हणाला.

या वेळी चढली. काळ्या पडद्यावर दातांची रांग उमटली, एकेक दात पांढरा चौकोन. मग डावीकडून किडा आला, जाडा, वेडाबागडा, जीभ बाहेर काढलेला. मुलीनं दोन्ही हात तोंडावर धरले. किड्यानं पहिला दात खाल्ला तेव्हा काहीतरी वाजलं असावं, कारण दोघं एकदम हसली.

मास्तर वळले. डोळ्यांतून पाणी. "बघ! म्हणे ऐकू येत नाही! अगं, कान आहेत का काय आहेत! डॉक्टर असता तर पाय धरले असते याचे." त्यांनी कानसेनचे खांदे धरून गदागदा हलवले. "थट्टा करतो मेला म्हातारपणी. जीव काढलास माझा."

मुलीनं कानसेनकडे पाहिलं. सांगू का, असं तिच्या डोळ्यांत होतं. लॅपटॉप अजून उघडा होता, मास्तरांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं. ते खोक्यात हात घालून पुढची कॅसेट शोधत होते, मग तिच्या पुढची. "ही माझी, पाढ्यांची. ही पण चढव. आता सगळ्या चढवू. आज आपण हलायचं नाही इथून."

त्यांनी कॅसेट कानसेनच्या हातात कोंबली. ती किती हलकी होती. त्यानं ती टेबलावर, टेपरेकॉर्डरच्या शेजारी, नीट ठेवली. काटे बघून आता ती कुणीही चढवू शकलं असतं. मुलीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, दारापाशी जाऊन चपला घातल्या, आणि बाहेर पडला.